साध्या फोनला नेटपॅक कशाला?

प्रश्न : माझी आई गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या गावात एकटीच असते, वय 74, तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. 2018च्या शेवटी 35 रुपयांत 28 दिवस निघायचे, आता वाळपईच्या दुकानदाराकडे गेलं की 199चाच मारतो, त्यात 2 जीबी नेट असतं आणि तिच्या फोनात नेट चालतच नाही. यंदा गणेश चवथीच्या आधी रिचार्ज संपला, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायच्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी म्हापशाला सासरी, फोन लावून लावून रडकुंडीला आले, शेवटी शेजारच्या मुलाला घरी पाठवलं तेव्हा कळलं आई बरी आहे. वर्षाचा एकदम मारला आणि मध्येच दर वाढवले तर? आणि भाऊ आठ-आठ महिने बोटीवर असतो, त्याचं सिम घरीच असतं, तो नंबर जाईल का?

उत्तर : ताई, तुमच्या आईला नेट नसलेला पॅक मिळतो आणि तोच मारा. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, 23 डिसेंबर 2024ला नियम बदलून सांगितलं की प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसेमेसचा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत जी आधी 90 दिवसांपर्यंतच असायची ती 365 दिवसांपर्यंत नेली. मग जानेवारी 2025मध्ये असे पॅक आले, एअरटेलचा 84 दिवसांना 469 आणि वर्षाला 1849, जिओचा 84 दिवसांना 448 आणि 336 दिवसांना 1748, व्हीआयचाही वर्षाचा 1849. दर पुढेमागे होतात तेव्हा मारायच्या दिवशी एकदा बघून घ्या. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच "फक्त कॉलवाला" म्हणून मागा.

आता हिशोब करा. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. 199 गुणिले 13 म्हणजे 2587, आणि वर्षाचा एकदम 1849, म्हणजे 738 रुपये वाचले. पण माझ्या मते पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही की वर्षातून 13 वेळा तारीख लक्षात ठेवायची भानगड संपते, म्हाताऱ्या माणसाचा फोन ऐन चवथीला बंद पडणं हे मला तरी फार गंभीर वाटतं. एकदम एवढे पैसे नको वाटले तर 84 दिवसांचा घ्या. महिन्यालाच मारायचा असेल तर 2022पासून प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला मारता येईल असा पॅक ठेवावा लागतो, तो विचारा, पेन्शनच्या तारखेला जोडून टाकता येतो.

दरवाढीची भीती सोडा. दर किती ठेवायचा हे कंपन्याच ठरवतात, ट्राय ठरवत नाही, म्हणून तर जुलै 2024मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले. पण तुम्ही पैसे भरून घेतलेला पॅक त्याच्या मुदतीपर्यंत तसाच चालतो, नवा दर पुढच्या रिचार्जला लागतो. म्हणून दरवाढीची बातमी आली की लोक लांब मुदतीचे पॅक आधीच मारून ठेवतात आणि बरोबरच करतात.

एक मात्र सांभाळा. कंपनी बदलायचा विचार असेल तर वर्षाचा पॅक मारायच्या आधीच बदला, कारण पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की उरलेली मुदत आणि बॅलन्स दोन्ही जातात. सत्तरीत डोंगराआड नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा शेजाऱ्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम आईच्या घरात, अगदी ती झोपते त्या खोलीत चालतं का ते बघा आणि मगच 1900ला पोर्टचा एसेमेस करा.

भावाचा नंबर असा लगेच जात नाही. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही तरच बंद करता येतो, आणि तेव्हा खात्यात 20 रुपये बॅलन्स असेल तर ते कापून आणखी 30 दिवस राखतात, बॅलन्स असेल तोवर पुढेही तसंच. आठ महिन्यांना खात्यात 100-120 बॅलन्स पुरेल. पण यात नुसता नंबर वाचतो, पॅक नसला की इनकमिंग थांबतं आणि बँकेचा ओटीपी येत नाही. ओटीपी लागत असेल तर त्यालाही फक्त कॉलवालाच पॅक मारा, त्याने इनकमिंग चालू राहतं, आणि तो बोटीवर चढायच्या आधीच मारून घ्या.