फ्रोझनमध्ये न दिसलेले ‘हाफ फ्राय’

प्रश्न : मी एम.डी. पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया चालू असताना आलेल्या एका फ्रोझन सेक्शनवर (तुकडा गोठवून लगेच कापलेल्या स्लाइडवर) मी ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा’ (मेंदूतील आधारपेशींची एक गाठ) असे मत दिले. रुग्ण ३८ वर्षांचा होता आणि गाठ मेंदूच्या पुढच्या भागात, फ्रंटल लोबमध्ये होती. ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा या आधारपेशींच्या दुसऱ्या गाठीच्या पेशींत केंद्रकाभोवती जे पांढरे वलय असते, ते मला कुठेही दिसले नाही. अंतिम अहवाल मात्र ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमाचाच आला. माझे काय चुकले? शिवाय आता जनुकीय तपासणीच गाठीचे नाव ठरवणार असेल, तर या गाठी डोळ्यांनी ओळखायला शिकण्यात वेळ घालवावा का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : जे वलय तुम्ही शोधत होतात, ते त्या स्लाइडवर असणेच शक्य नव्हते. पुस्तकांत ज्याला ‘फ्राइड एग’ म्हणतात आणि आपल्याकडे कोणीही ज्याला हाफ फ्राय म्हणेल, ते रूप पेशीचे मूळचे नसून फॉर्मेलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रावणात) ऊतक मुरण्यास वेळ लागल्याने पेशी फुगतात, त्यातून ते निर्माण होते. ताज्या, गोठवलेल्या तुकड्यात ते येत नाही. उलट गोठवताना पाण्याचे स्फटिक तयार होतात आणि मुळात वाटोळी असलेली केंद्रके दबून कोनदार दिसू लागतात, म्हणजे नेमकी अ‍ॅस्ट्रोसायटोमासारखी. या सापळ्यात आमच्या पिढीतलेही अनेकजण अडकले आहेत, त्यात मीही आहे.

यावर उपाय म्हणजे फ्रोझनबरोबर स्क्वॅश स्मिअर करणे. मोहरीएवढा तुकडा एका काचपट्टीवर ठेवावा, दुसरीने हलकेच दाबून ओढावा आणि वाळू न देता लगेच अल्कोहोलमध्ये बुडवावा. अशा स्मिअरमध्ये ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमाची केंद्रके वाटोळीच राहतात आणि त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे फारसे नसते, तर अ‍ॅस्ट्रोसायटोमात पेशींपासून निघालेले बारीक तंतू सर्वत्र पसरलेले दिसतात. तुकडा कसा पसरतो, हेही हाताला बरेच काही सांगते. श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणाची गाठ) पसरतच नाही, त्याचा घट्ट पुंजका तसाच राहतो.

तुमच्या पत्रात वय आहे, जागा आहे, पण स्कॅनचा उल्लेख नाही, आणि मला ही उणीव वलयापेक्षा मोठी वाटते. सीटी स्कॅनवर गाठीत कॅल्शियमचे ठिपके दिसले असते, तर ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमाचा विचार स्लाइड पाहण्याआधीच मनात आला असता. एरवीही वय आणि जागा समजल्याशिवाय मेंदूची स्लाइड वाचू नये. लहान मुलाच्या लहान मेंदूतील (सेरिबेलममधील) पाणी भरलेल्या गाठीत रक्तवाहिन्यांची दाट वाढ दिसली, तरी ती बहुधा पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, म्हणजे ग्रेड १ ची, सर्वांत सौम्य असते. साठीतल्या रुग्णाच्या मोठ्या मेंदूत (सेरिब्रममध्ये) पसरणाऱ्या ग्लिओमामध्ये, म्हणजे आधारपेशींच्या गाठीत, तशीच वाढ दिसल्यास मात्र ग्लिओब्लास्टोमाचा, म्हणजे ग्रेड ४ च्या गाठीचा, संशय घ्यावा लागतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातील अर्धा भाग खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात जनुकीय बदलांना निदानात स्थान मिळाले आणि २०२१ च्या आवृत्तीत ते अधिक पक्के झाले. आयडीएच जनुकातील बदल आणि १पी व १९क्यू या दोन्ही गुणसूत्र-भुजांचा लोप सिद्ध झाल्याशिवाय आज ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा हे पूर्ण निदान देता येत नाही. म्हणून फ्रोझनच्या वेळी ‘ग्लिओमा, लो ग्रेड वाटतो, नेमका प्रकार पुढील तपासणीनंतर’ एवढेच लिहिणे योग्य ठरले असते. तेवढ्या वेळात शल्यचिकित्सकाला सहसा त्याहून अधिक नको असते.

परंतु कोणती तपासणी मागवायची, हे तपासणी स्वतः सांगत नाही. पाठवलेल्या तुकड्यात मुळात गाठ आहे की गाठीशेजारचा केवळ चिडलेला (प्रतिक्रियेने बदललेला) मेंदू आहे, हे डोळ्यांनीच ठरवावे लागते. चिडलेल्या मेंदूतील अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी टपोऱ्या असल्या, तरी एकमेकींपासून सारख्या अंतरावर बसलेल्या असतात. मायलिनचा (मज्जातंतूंवरील आवरणाचा) नाश होणाऱ्या आजारात फेसाळ मॅक्रोफेज (भक्षक) पेशी इतक्या दाटीने जमतात की त्यांच्या फिकट रूपामुळे त्या ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमाच वाटाव्यात. सीडी-६८ चे रंजन (मॅक्रोफेज ओळखून देणारी रंगतपासणी) केले की उलगडा होतो, मात्र त्यासाठी आधी शंका यावी लागते. आपल्या देशात ट्यूबरक्युलोमा (क्षयरोगामुळे मेंदूत बनणारा गोळा) तर स्कॅनवर हुबेहूब गाठीची बतावणी करतो. आणि आयडीएच-१ च्या नेहमीच्या रंजनातून केवळ आर-१३२-एच हाच बदल कळत असल्याने, तरुण रुग्णात ते निगेटिव्ह आले तरी स्लाइड ग्लिओमाचीच असेल, तर सिक्वेन्सिंगचा (जनुकाचा क्रम वाचण्याचा) आग्रह तुम्हालाच धरावा लागेल.

प्रत्येक केसची एका वहीत नोंद ठेवा : वय, जागा, स्कॅन, स्मिअरवरचे पहिले मत आणि अंतिम निदान. शवविच्छेदनातील सामान्य मेंदूच्या स्लाइड्सही, कंटाळवाण्या वाटल्या तरी, वेगवेगळ्या भागांतील निवडून पाहा. आणि पुढच्या वेळी फ्रोझनसाठी आलेला तुकडा सगळा गोठवू नका. थोडा तसाच फॉर्मेलिनमध्ये ठेवा, कारण एकदा गोठून कोनदार झालेली केंद्रके नंतरच्या पॅराफिन सेक्शनमध्येही (मेणात बसवून कापलेल्या स्लाइडमध्येही) कोनदारच राहतात.