निसर्गपर्यटनात करिअर: बुकिंगची वही कोणाकडे?

प्रश्न: मी भूगोलाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जबाबदार निसर्गपर्यटनात काम करून स्थानिक स्त्रियांना उत्पन्नाचे साधन मिळवून द्यावे, अशी माझी इच्छा आहे. घरच्यांच्या मते हे समाजकार्य आहे, करिअर नव्हे. यातून स्त्रियांचा खरोखर फायदा होतो का आणि मी काय शिकावे?

उत्तर: हे निश्चितच करिअर आहे. स्त्रियांचा खरोखर फायदा होतो का, हा तुमचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण पर्यटनात स्त्रियांची संख्या मुळीच कमी नाही. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार या क्षेत्रातील मनुष्यबळात ५४ टक्के स्त्रिया आहेत, मात्र त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी आहे. होमस्टेमध्ये पहाटे पाणी तापवण्यापासून रात्री भांडी आवरण्यापर्यंत सारे काही घरातली बाई करते, पण बुकिंगचा फोन नवऱ्याकडे असतो आणि पैसेही त्याच्याच खात्यात जमा होतात, अशी व्यवस्था असेल तर तिच्या वाट्याला केवळ वाढीव कष्ट येतात. म्हणूनच कोणताही प्रकल्प पाहताना बुकिंगची वही आणि बँक खाते कोणाच्या नावावर आहे, हे आधी विचारावे.

जिथे हे हक्क स्थानिकांच्या हाती आले, तिथले चित्र वेगळे आहे. नेपाळमधील पोखरा येथे छेत्री भगिनींनी १९९० च्या दशकात महिला पर्यटकांसाठी ट्रेकिंगचा व्यवसाय उभारला आणि पुरुषांचेच मानल्या गेलेल्या गाइडच्या कामाचे प्रशिक्षण ग्रामीण स्त्रियांना दिले. नामिबियात १९९६ च्या कायद्याने सामूहिक जमिनीवरील रहिवाशांना संघटित होऊन वन्यजीव आणि पर्यटनापासूनच्या उत्पन्नावर हक्क मिळवता आला, त्यामुळे प्राणी जगवण्यात गावाचाही स्वार्थ निर्माण झाला.

तुमचा भूगोल येथे थेट उपयोगी पडेल. नकाशे तयार करणे, पाण्याचा आणि कचऱ्याचा भार मोजणे, एखादी जागा किती पर्यटक झेलू शकते हे ठरवणे, ही कामे करणारी माणसे हवीच असतात. त्याच्या जोडीला हिशेब, दर ठरवणे, सहल कंपन्यांशी करार करणे आणि प्रथमोपचार शिकून घ्या. हिशेब कंटाळवाणा वाटेल, पण गटातील स्त्रियांना तो समजावून सांगणारी व्यक्ती फार मोलाची असते. प्रकल्प समन्वयक, प्रशिक्षक, निसर्ग मार्गदर्शक, सहल कंपन्यांमधील जबाबदार पर्यटन विभाग, असे नोकरीचे मार्ग आहेत.

हे उत्पन्न हंगामी असते, आणि २०२० च्या महासाथीत ते एका झटक्यात थांबले होते. त्यामुळे शेती किंवा आधीचा व्यवसाय सोडून यात या, असा सल्ला कोणत्याही स्त्रीला देऊ नका. पदव्युत्तर प्रवेश घेण्यापूर्वी स्थानिक गट चालवत असलेल्या एखाद्या प्रकल्पात एक पूर्ण हंगाम काम करा, आणि तिथला जमाखर्च घरच्यांसमोर ठेवून मगच त्यांच्याशी बोला.