शर्यतीचा सिनेमा आणि कंपासपेटीतले ओळखपत्र

मोटार शर्यतीचा सिनेमा मुलांना दाखवावा का, हा प्रश्न मुलांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा सुट्टीच्या दिवसांत येतो, आणि तो विचारणाऱ्या पालकांच्या मनात साधारणपणे दोनच गोष्टींची धास्ती असते: मूल शिव्या उचलेल किंवा दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन उतारावरून सुसाट सुटेल. दोन्ही काळज्या रास्त आहेत. मात्र ज्या कुटुंबाविषयी मी येथे लिहीत आहे, त्यांच्या घरी जे घडले त्याचा यांपैकी एकाशीही संबंध नव्हता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि मुलाला मी चिन्मय म्हणणार आहे.

चिन्मय नऊ वर्षांचा, चौथीत शिकणारा. त्याची आई पहिल्यांदा एकटीच आली, ती तक्रार घेऊन. एका सोमवारी त्याचे वडील चाकणजवळच्या आपल्या कंपनीच्या फाटकावर पोहोचले, तेव्हा गळ्यात अडकवायचे ओळखपत्र पिशवीत नव्हते. ते दुपारी शाळेत, चिन्मयच्या कंपासपेटीत, पट्टी आणि टोकयंत्राच्या खाली सापडले. त्याआधीच्या आठवड्यात वडिलांचे हेल्मेट गव्हाच्या डब्यात निघाले होते, आणि वडील नगरला जायचे असले की त्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात हमखास दुखत असे. “इतका शहाणा मुलगा, मॅडम, आणि आता चोऱ्या करायला लागलाय,” असे त्या म्हणाल्या. चोरलेल्या वस्तूंची यादी मला जरा विचित्र वाटली. नऊ वर्षांच्या मुलाला कंपनीचे ओळखपत्र कशाला हवे असेल?

पुढच्या भेटीत मी हाच प्रश्न त्याला विचारला. त्याने रंगपेटीतले खडू रंगांप्रमाणे ओळीत लावत, मान वर न करता उत्तर दिले, “कार्ड नसेल तर वॉचमनकाका आत सोडत नाहीत.”

“आणि आत गेलं तर?”

“मग गाडीचे ब्रेक तपासावे लागतात.”

त्याचे वडील वाहन-चाचणी विभागात आहेत. नव्या गाडीचा वेग, वळणावरची पकड आणि ब्रेक यांच्या चाचण्या घेणे हे त्यांचे रोजचे काम असून त्यासाठी त्यांना अधूनमधून अहिल्यानगरजवळच्या चाचणी-मार्गावर जावे लागते. हे काम ते नऊ-दहा वर्षे करत होते आणि तोवर मुलाला त्याचा अभिमानच होता. मग अलीकडे असे काय झाले, याचा शोध घेताना एका शनिवारच्या रात्री घरी पाहिलेल्या ‘फोर्ड व्हर्सेस फरारी’ या सिनेमाचा उल्लेख आला. तोही वडिलांनी केला, आणि अगदी सहज. कारण त्यांच्या मते तो सिनेमा ‘पूर्ण साफ’ होता.

हा २०१९ सालचा सिनेमा १९६६ च्या फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीची गोष्ट सांगतो. शर्यतीच्या गाड्या घडवणारा कॅरल शेल्बी आणि त्याचा चालक केन माइल्स यांनी फोर्डच्या गाडीला फरारीवर मात करून दिली, हा त्याचा गाभा. सिनेमा उत्तम आहे आणि गाड्यांवर प्रेम करणाऱ्या बापाला आपल्या मुलासोबत तो पाहावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. या पालकांनी काहीच पाहिले नव्हते असेही नाही. नग्नता नाही, रक्ताचे पाट नाहीत, शिव्या आहेत पण इंग्रजीत आहेत, एवढी चौकशी आईने करून ठेवली होती आणि गरज पडली तर दृश्य पुढे ढकलता यावे म्हणून रिमोट हातात धरून ती बसली होती. शर्यत संपते तिथे सिनेमा संपला असे मात्र दोघांनीही धरून चालले होते.

सिनेमा तिथे संपत नाही. शर्यतीनंतर दोन महिन्यांनी, १७ ऑगस्ट १९६६ रोजी, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या धावपट्टीवर नव्या गाडीची चाचणी घेताना केन माइल्स मरण पावला. प्रत्यक्षात सरळ पट्ट्याच्या शेवटी ताबा सुटून गाडी उलटली. सिनेमात ब्रेक निकामी होताना दिसतात. गाडी नजरेआड होते, मग दूरवर आग आणि धूर दिसतो, आणि तिकडे पाहत त्याचा मुलगा पीटर उभा असतो. रक्ताचा थेंबही नाही, त्यामुळे रिमोट धरलेल्या आईला पुढे ढकलण्यासारखे काही सापडले नाही. पण चिन्मयच्या दृष्टीने पाहा. तोवर अडीच तास तो सिनेमा पीटरच्या जागी बसून पाहत होता. बाप-लेक संध्याकाळी मोकळ्या धावपट्टीवर बसून बिनचूक फेरी कशी असते याविषयी बोलतात, ते दृश्य त्याने मला जवळजवळ शब्दशः सांगितले. आणि तो बाप शर्यतीत मेला नाही. तो ब्रेक तपासताना मेला. चिन्मयचा बाप शर्यती लावत नाही. तो ब्रेक तपासतो.

“मॅडम, ए प्रमाणपत्राचा सिनेमा असता तर आम्ही लावलाच नसता,” असे वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, म्हणून प्रमाणपत्रांविषयी थोडे सांगणे भाग आहे. आपल्याकडे चित्रपट प्रमाणपत्र मंडळ, म्हणजे सेन्सॉर बोर्ड, सिनेमाला यू (सर्वांसाठी), यूए (पालकांच्या मार्गदर्शनाने) किंवा ए (फक्त प्रौढांसाठी) देते. २०२४ च्या नियमांनंतर यूएचेही सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. ओटीटीवर २०२१ पासून अशीच वयोगटांची वर्गवारी आहे, पण ती त्या त्या कंपनीने स्वतःच करायची असते. यूए हा मुलांना मज्जाव नव्हे. पालकांनी विचार करून ठरवावे एवढाच त्याचा अर्थ, आणि तो विचार नेमका कशाचा करायचा हे त्या दोन अक्षरांत मावत नाही. या सिनेमाला अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र मिळाले, ते काही असभ्य भाषा आणि जिवावरचे प्रसंग या कारणांसाठी. कारण खरेच आहे. पण ‘या सिनेमात मुलाच्या डोळ्यांदेखत बाप जातो’ असे कोणतेही प्रमाणपत्र सांगत नाही, आणि सांगितले असते तरी कोणत्या घरातला बाप काय काम करतो हे मंडळाला कुठून कळावे?

वयाचा भाग येथे फार महत्त्वाचा आहे. चार-पाच वर्षांचे मूल जे दिसते आणि ऐकू येते त्याला घाबरते: इंजिनाचा कर्कश आवाज, अंधार, अक्राळविक्राळ तोंड. ‘कार्स’सारख्या निरागस ॲनिमेशनपटातही ट्रॅक्टरांच्या शेतात मागे लागणाऱ्या भल्यामोठ्या कापणीयंत्राला पाहून पलंगाखाली शिरलेली मुले मला माहीत आहेत, तर मोठ्या शर्यतीतला अपघात त्याच मुलांनी दाणे खात पाहिलेला असतो. सात-आठ वर्षांनंतर भीतीची जात बदलते. जे खरोखर घडू शकते, विशेषतः आपल्या घरात घडू शकते, ते घाबरवू लागते. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे ज्याला मूर्त विचारांचा टप्पा म्हणतो, त्या वयातले मूल नियम फार चोख लावते: तो ब्रेक तपासत होता, तो गेला, बाबा ब्रेक तपासतात. शक्यता किती, काळ कोणता, गाडी कोणती, ही मोठ्यांची गणिते त्याला आपोआप सुचत नाहीत. म्हणूनच ‘ही खरी गोष्ट आहे’ ही पाटी मोठ्यांना भारावून टाकते आणि नऊ वर्षांच्या मुलाची सुटकेची वाट बंद करते. पंधराव्या वर्षी प्रश्न पुन्हा पालटतो. तेव्हा मुलगा घाबरला नाही याचीच काळजी करावी लागते, आणि वडिलांच्या दुचाकीची किल्ली कुठे टांगलेली असते हे मी सिनेमाआधी विचारते.

त्या रात्रीबद्दल मी आईला बारकाईने विचारले. सिनेमा साडेनऊच्या सुमारास लावला, तो संपेपर्यंत बारा वाजून गेले होते. नावे वर सरकू लागली तसा टीव्ही बंद झाला, “चल, झोप आता, किती उशीर झालाय” असे म्हणून चिन्मयला खोलीत पाठवण्यात आले, आणि वडील सकाळी लवकर उठायचे म्हणून आधीच आडवे झाले होते. त्याने दारातून एकदा विचारले होते, “बाबा, तुमच्या गाडीचे ब्रेक नवीन असतात का?” वडिलांनी झोपेत उत्तर दिले, “सगळ्यात नवीन!” सिनेमातली गाडीही सगळ्यात नवीनच होती. माझ्या मते चूक झाली असेल तर ती सिनेमा निवडण्यात कमी आणि त्या पंधरा मिनिटांत जास्त झाली. तोच सिनेमा रविवारी दुपारी लागला असता आणि त्यानंतर चहा होईपर्यंत कोणी त्याच्याजवळ बसले असते, तर ओळखपत्र कदाचित पिशवीतच राहिले असते.

पुढे आम्ही जे केले ते साधे होते, पण त्याला पाच भेटी लागल्या. पहिल्यांदा ‘चोरी’ हा शब्द घरातून काढून टाकला. मग वडिलांना मी विनंती केली की त्यांनी मुलाला आपले काम कागदावर दाखवावे. ते सुरुवातीला, “बाबाला काही होणार नाही, प्रॉमिस,” असे म्हणू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. चिन्मय वेडा नव्हता. केन माइल्सनेही घरी असेच काहीतरी सांगितले असणार हे त्याने ताडले असते. त्याऐवजी वडिलांनी चाचणीचा तक्ता काढला: वेग एकदम वाढवत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात, लागोपाठ ब्रेक दाबले की ते तापतात आणि त्यांची पकड कमी होते, तेच तर मोजायचे असते, म्हणून पुढे किती मोकळी जागा हवी हे आधी ठरते, ठरावीक तापमानाच्या वर आकडा गेला की फेरी थांबते. चिन्मयने प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. एका ओळीपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढले: “ब्रेक लागलाच नाही तर?” वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग खरे ते बोलले, की त्यांना तसे एकदा झाले होते, त्यांनी गिअर उतरवत गाडी मोकळ्या पट्टीवर नेली होती, आणि त्यांनाही भीती वाटली होती. मला वाटते, त्या दिवशी मुलगा पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

पीटरचा बाप गेल्यावर पुढे काय झाले, हा प्रश्नही त्याला सोडत नव्हता, आणि सिनेमा जे सांगत नाही ते त्याला उपयोगी पडले. माइल्सच्या अपघातानंतर फोर्डने त्या गाडीच्या पुढच्या रूपात पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला. १९६७ साली ल माँ येथे मारिओ आंद्रेत्ती या चालकाची तशीच गाडी भीषण आदळली आणि तो वाचला, याचे श्रेय त्या पिंजऱ्याला दिले जाते. २०२० साली बहारीनमध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ या चालकाची गाडी दुभंगून पेटली, तेव्हा सुमारे अठ्ठावीस सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. त्याला वाचवण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, ते डोक्याभोवतीचे ‘हेलो’ हे धातूचे कडे २०१८ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झाले होते. ग्रोजाँचे चित्रीकरण मी त्याला दाखवले नाही, फक्त सांगितले. त्याने पिंजऱ्याचे चित्र काढले आणि वडिलांना विचारले की त्यांच्या गाडीत तो आहे का. काहींत असतो, काहींत नसतो, असे उत्तर मिळाले आणि कोणत्या चाचणीला तो लागतो याची नवी यादी सुरू झाली.

२०२५ च्या पावसाळ्यात आईचा फोन आला. ‘एफ-वन’ सिनेमा लागला होता, वर्गातली मुले जाणार होती, आणि चिन्मयला नाही म्हणावे की हो, हे त्यांना कळत नव्हते. मी हो किंवा नाही सांगितले नाही. सिनेमा कसा संपतो हे आधी माहीत करून घ्या, कोण कोणाचा बाप किंवा मुलगा आहे ते पाहा आणि चिन्मयला विचारा, एवढेच म्हटले. त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः जाऊन सिनेमा पाहिला. मग त्याला सांगितले की इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत एका तरुण चालकाचा मोठा अपघात होतो, गाडी पेटते, त्याचे हात भाजतात, पण तो जगतो आणि पुन्हा गाडी चालवतो. आवाज मात्र खूप मोठा आहे.

चिन्मयने दोनच अटी घातल्या, असे त्यांनी मला नंतर कळवले. शो दुपारचा हवा आणि बाबांची जागा त्याच्या शेजारी. आग लागली तेव्हा त्याने कान झाकले, डोळे नाही, आणि वडिलांच्या कानाशी लागून विचारले, “यांच्याकडे पिंजरा आहे ना?”