कंपाउंडमधलं 'तण' आणि आपण

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या मागे पावसाळ्यात गुडघाभर तण माजतं, कमिटी म्हणते औषध मारून साफ करू. त्यात ठेवण्यासारखं काही असतं का हो?

उत्तर : असतं की! आधी मारू नका, एकदा उकिडवं बसून बघा. निळी इवलीशी फुलं दिसली तर तो केना, आणि त्याची गंमत म्हणजे वर फुलतोच पण जमिनीखालीही न उघडणारी पांढुरकी फुलं धरतो, तिथेच बी तयार होतं, त्यामुळे वरून कितीही कापा, पठ्ठ्या पुन्हा हजर. टाकळा ओळखायला सोपा, एका पानात छोट्या पानांच्या (पर्णिकांच्या) तीन जोड्या आणि रात्री त्या मिटतात, कोवळा असताना कांदा-लसूण घालून भाजी मस्त होते (पण औषध मारलेल्या किंवा गटाराकाठच्या जागेतला अजिबात नको, आणि ओळखीची खात्री नसेल तर कुठलंच तोडू नका). आघाडा तर श्रावणात जिवतीच्या पूजेला बाजारातून विकत आणतो आपण, आणि दारचा उपटून टाकतो, काय म्हणायचं याला! पिवळी-पांढरी फुलं असलेली एकदांडी, तिच्यावर सकाळी फुलपाखरं येतात.

एक मात्र खुशाल उपटा, गाजर गवत. मूळचं अमेरिकेतलं, 1955-56च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं आणि मग देशभर पसरलं. अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो, म्हणून हातमोजे घालून, फुलं यायच्या आत.