कोंबड्यांची पिसं गळतायत, अंडी बंद झालीत, थंडी पडायच्या आत खुराड्याची काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं, ओझरला घरामागं 14 कोंबड्या आणि 2 कोंबडे, पत्र्याचं खुराडं, दसऱ्यापासून निम्म्यांची पिसं गळतायत, अंडी जवळपास बंद, आणि शेजारचे म्हणतायत की थंडी पडायच्या आत चारी बाजूंनी प्लास्टिक मारा अन् आत 200 चा बल्ब लावा. मी पण निफाड तालुक्यातलाच, त्यामुळं आपल्याकडची थंडी काय असते ते मला वेगळं सांगायला नको, पारा 5-6 अंशांवर येतो आणि टीव्हीवर द्राक्षबागेतल्या शेकोट्या दाखवतात. तरी पण सांगतो, प्लास्टिक मारू नका.

आपल्याकडच्या थंडीनं मोठी, पिसं भरलेली, पोट भरलेली कोंबडी मरत नाही. तिचं अंगच 41 अंशांच्या आसपास गरम असतं आणि रात्री पिसं फुलवून बसली की आपली ऊब आपणच धरून ठेवते. तिला मारतं ते ओलं अंथरूण आणि कोंडलेली हवा. रात्रभर 16 जीव श्वास सोडणार, खाली विष्ठा पडणार, वरून प्लास्टिक, म्हणजे सगळी वाफ आतच. त्या ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिका खराब होते आणि मग आठवडाभरात घरघर, नाकातून पाणी, तोंड सुजणं सुरू. लोक म्हणतात थंडीनं सर्दी झाली, खरं तर बंद खुराड्यानं झालेली असते. तपासायचं सोपं आहे, पहाटे दार उघडायच्या आधी खाली उकिडवं बसायचं, कोंबडीचं डोकं जिथं असतं त्या उंचीवर नाक न्यायचं आणि वास घ्यायचा. उभं राहून वास येत नाही, खाली बसल्यावर येतो. नाकाला झोंबलं तर हवा कमी पडतीय.

मग वारं कसं अडवायचं, तर खालून. जमिनीपासून दीड-दोन फूट भिंत किंवा पत्रा बंद हवा, कारण कोंबड्या बसतात तिथं अंगावर थेट झोत यायला नको, आणि वर छताजवळ मात्र उघडी जाळी हवी, म्हणजे गरम दमट हवा डोक्यावरून निघून जाते. आपल्याकडं हिवाळ्यात बोचरं वारं उत्तरेकडून, ईशान्येकडून येतं, तेवढ्या बाजूला गोणपाटाचा पडदा करा, तोही संध्याकाळी सोडायचा, सकाळी ऊन आलं की गुंडाळायचा, आणि सोडला तरी वर फूटभर मोकळं ठेवायचं. दक्षिणेची बाजू उघडीच राहू द्या, हिवाळ्यात सूर्य तिकडूनच तिरपा येतो आणि दुपारी ऊन आतपर्यंत जातं, अंथरूण फुकटात वाळतं.

पत्र्याचं एक वेगळं दुखणं असतं. ऑक्टोबरात दुपारी खाली उभं राहवत नाही आणि डिसेंबरात पहाटे त्याच पत्र्याला आतून घाम फुटतो, थेंब थेंब कोंबड्यांच्या पाठीवर. दोन्हीवर इलाज एकच, वर उसाचं पाचट टाका, चांगलं वीतभर, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून जुनी ठिबकची नळी आडवी बांधून टाका. एवढं केलं तर निम्मं काम झालं समजा.

बल्बचं म्हणाल तर मोठ्या कोंबड्यांना उबेसाठी बल्ब लागत नाही. खाली कोरडा भुसा, वर पाचट आणि मधे तापलेला बल्ब, त्यात एखादी कोंबडी फडफडली की काय होईल ते तुम्हीच बघा. आणि काहीजण रात्री कोळशाची शेगडी आत ठेवतात, ते तर अजिबात नको, बंद जागेत कोळशाचा वायू माणसाला झेपत नाही तिथं कोंबडीची काय कथा.

आता पिसं. दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्षाच्या वरच्या कोंबडीनं पिसं टाकणं हे आजारपण नाही, दरवर्षीचं आहे. 22-23 सप्टेंबरनंतर दिवस रात्रीपेक्षा लहान व्हायला लागतो, नाशिककडं जूनमध्ये 13 तासांच्या वर असलेला दिवस डिसेंबरात 11 तासांवर येतो आणि कोंबडीचं शरीर त्या उजेडावर चालतं. आधी मान-डोकं, मग पाठ, छाती, पंख आणि शेपूट अशी साधारण वरून खाली पिसं जातात. खात्री करायची असेल तर संध्याकाळी एक कोंबडी हातात घ्या आणि मानेजवळची पिसं उलट्या बाजूनं सारून बघा. कातडीतून निळसर, बोरूच्या टोकासारखी टोकं वर आलेली दिसली की काळजी मिटली, नवीन पिसं येतायत. त्या टोकांत रक्त असतं, दाबलं तर दुखतं तिला, म्हणून या दिवसांत उगाच धरपकड करू नका, पोरांना पण सांगा.

पण सगळीच पिसं गळणं या कारणानं नसतं. फक्त पाठ उघडी असेल तर कोंबडा जास्त चढतोय, 14 ला 2 कोंबडे तसे जास्तच आहेत, एक काढा. पिसं मधेच तुटलेली दिसली तर एकमेकींना टोचतायत, जागा कमी आहे किंवा खाण्यात प्रोटीन कमी आहे. आणि मागच्या भोकाभोवती पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या दिसल्या तर ती उवांची अंडी. त्याला चुलीची राख आणि कोरडी माती एका जुन्या घमेल्यात किंवा टायरमध्ये भरून ठेवायची, त्या स्वतःच लोळून घेतात. जास्तच झाल्या असतील तर डॉक्टरांना विचारून औषध आणा, शेतातलं कीटकनाशक मारू नका, आपल्याकडं लोकांना तो फार मोह असतो.

खाणं इथं महत्त्वाचं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रोटीनच, आणि आपण या दिवसांत काय टाकतो, तर नवीन मका, कारण तो घरात आलेला असतो. नुसत्या मक्यानं कोंबडी चरबी धरते, पिसं येत नाहीत. लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या, त्यात 16 ते 18 टक्के प्रोटीन असतं, सोबत थोडी शेंगदाणा पेंड. सोयाबीन पण आत्ताच निघालेलं असतं, ते चालतं पण कच्चं नाही, भाजून किंवा उकडून भरडायचं, कच्चं पचत नाही त्यांना. सुकटाचा चुरा द्यायचा तर धुऊन, मीठ काढून. मिठावरनं आठवलं, दिवाळीनंतर उरलेला चिवडा, चकल्या, शेव घरोघरी कोंबड्यांपुढं ओततात, तेवढं करू नका, मीठ त्यांना बाधतं. आणि दिवाळीत संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या आत घ्या, फटाक्याला घाबरल्या की एका कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालच्या गुदमरतात.

नव्या मक्याबद्दल अजून एक, परतीच्या पावसात भिजलेला किंवा नीट न वाळलेला मका गोणीत भरला की आतून बुरशी धरतो. दाण्याच्या कोंबाजवळ काळं-हिरवं दिसलं, गोणीत हात घातला तर आत गरम लागलं, कुबट वास आला, तर तो मका कोंबड्यांना घालायचा नाही, धुऊन पण नाही. त्या बुरशीचं विष धुण्यानं जात नाही, यकृतावर जातं आणि कोंबडी नुसती सुकत जाते, कारण कळत नाही. चांगला वाळलेला मका मात्र थंडीत कामाचा, मूठभर संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी द्या, रात्रभर पचत राहतो आणि अंगात ऊब राहते. सकाळी पाणी कोमट करून ठेवा, गार पाणी त्या कमी पितात आणि पाणी कमी झालं की खाणं पण कमी. हळद-लसूण घालायचं तर घाला, नुकसान काही नाही, पण त्यानं लस टळते असं समजू नका.

अंड्यांसाठी सकाळी लवकर LED लावून उजेड 14 तासांपर्यंत नेला तर अंडी परत येतात, हे खरं आहे, मोठ्या फार्मवर तेच करतात. लावायचाच तर पहाटे लावा, संध्याकाळी लावून एकदम बंद केला की त्यांना अंधारात दांडीवर चढता येत नाही. माझं मत विचाराल तर घरच्या 14 कोंबड्यांना लावू नका. पिसं आणि अंडी दोन्ही एकाच वेळी काढायला गेलं की कोंबडी खंगते. थांबा, संक्रांतीनंतर दिवस वाढायला लागला की त्या आपोआप सुरू होतात. तोवर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवून द्या, जिला लागेल ती खाते.

खुराड्यात खाली सध्या काय आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पावसाळ्यातलं जुनं अंथरूण असेल तर सगळं काढून खड्ड्यात टाका, जमीन दोन दिवस उघडी वाळू द्या, विरलेला चुना भुरभुरवा आणि मग भाताचं तूस किंवा शेंगांची टरफलं तीन-चार इंच पसरा. रोज दाताळ्यानं खालवर करायचं. मूठभर उचलून दाबायचं, गोळा झाला तर ओलं आहे, हातातून सुटलं तर बरोबर. ओल्या अंथरुणात पिल्लांना रक्ताची हगवण लागते, ऑक्टोबरात ती फार. बसायची दांडी लोखंडी पाईपची असेल तर बदला, दोन इंच रुंद लाकडी चौकोनी पट्टी लावा, त्यावर बसल्या की बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

आता लस, हे टाळू नका. मानमोडी म्हणजे राणीखेत, हिरवी हगवण, मान वाकडी, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही, फक्त लस. मोठ्या कोंबड्यांना आर-टू-बी देतात, आठ आठवड्यांच्या पुढच्यांना, टोचून. लशीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या, पावसाळ्यात जंत झालेलेच असतात, आणि नवीन पिसं भरत आली की टोचून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, पुण्यात औंधला या लसी बनवणारी सरकारी संस्थाच आहे. बाटली बर्फातूनच आणायची आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, म्हणून गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकाच सकाळी करा, नाहीतर बाटलीतली निम्मी लस वाया जाते. तोंडावर, तुऱ्यावर फोड आलेत का तेही बघा, ती देवी, पावसानंतर डास वाढले की पसरते, तिची लस वेगळी असते.

आपल्या तालुक्यात अजून एक भानगड आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात बाहेरदेशीची बदकं-पाणपक्षी उतरतात, बघायला छान, 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली, म्हणून नाव पण लागलं, पण बर्ड फ्लूची भीती याच दिवसांत असते. 2006 ला नवापूर, 2021 च्या जानेवारीत परभणीकडं मुरुंबा, सगळं थंडीतलंच. म्हणून तळ्याचं, कॅनॉलचं उघडं पाणी कोंबड्यांना देऊ नका आणि कावळे किंवा कोंबड्या एकदम मेलेल्या दिसल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा, गुपचूप पुरून मोकळं होऊ नका.

मोकळ्या सोडत असाल तर शेजारची द्राक्षबाग बघून सोडा. ऑक्टोबर छाटणी झाली की काड्यांना डोळे फुटायच्या औषधाची पेस्ट लागते आणि मागोमाग फवारे सुरू, तिथं गेलेली कोंबडी परत येईलच असं नाही. आणि कांद्याच्या रोपात शिरल्या तर कोंबड्या जगतील पण शेजाऱ्याशी बोलणं बंद होईल. ऊसतोड सुरू झाली की मुंगूस, रानमांजर वस्तीकडं सरकतात, बिबट्याचं तर काय सांगायलाच नको, म्हणून कोंबड्यांची ती पातळ षटकोनी जाळी काढून अर्धा इंची वेल्डची जाळी लावा, खाली फूटभर जमिनीत गाडून. मुंगसाला मूठ जाईल एवढं भोक पुरतं.

जास्तीचा कोंबडा मार्गशीर्ष लागायच्या आत काढा, नंतर महिनाभर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं.

नवीन पिल्लं आत्ता आणू का असंही विचारलंय. नका आणू. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं, म्हणजे डिसेंबरच्या रात्री तुम्ही आणि लाईट दोघांनी जागं राहायचं, आणि आपल्याकडची लाईट तुम्हाला माहितीये. फेब्रुवारी बरी. एखादी गावरान खुडूक बसलीच तर बसू द्या, दहाबारा अंडी घाला, तिला थंडीचं कळतं, फक्त 21 दिवस डालगं घरातल्या पडवीत ठेवा आणि दाणा-पाणी जवळ असू द्या. फेब्रुवारीत विकतची आणाल तेव्हा कोणत्या लसी झाल्यात ते विचारून घ्या आणि मोठ्यांत मिसळायच्या आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.