हजार-अकराशे मतांनी अमेरिकेचा अध्यक्ष ठरला, ते कसं?

प्रश्न : १८८४ साली एका पाद्रीच्या एकाच वाक्यामुळे रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार जेम्स ब्लेन न्यूयॉर्क राज्य हरला आणि अध्यक्षपदही गेलं असं वाचलं. हे खरं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वाक्य खरं आहे पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं मला पटत नाही. झालं असं की २९ ऑक्टोबरला, म्हणजे मतदानाच्या जेमतेम सहा दिवस आधी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात शेकडो पाद्री ब्लेनला पाठिंबा द्यायला जमले आणि त्यातले सॅम्युअल बर्चर्ड बोलून गेले की डेमोक्रॅट पक्ष म्हणजे दारू, रोमन कॅथलिक धर्म आणि (यादवी युद्धातली) बंडखोरी. ब्लेन तिथेच होता, त्याने तेव्हा लगेच हरकत घेतली नाही, आणि विरोधकांनी ते वाक्य पत्रकांवर छापून आयरिश कॅथलिक वस्त्यांमध्ये वाटलं. वाईट याचं वाटतं की ब्लेनची स्वतःची आई कॅथलिक होती आणि आयरिश मतांसाठी त्याने खूप मेहनत घेतली होती.

दुसरा फटका त्याच रात्रीचा. डेल्मोनिकोज रेस्टॉरंटमध्ये रेल्वेमालक जे गूल्ड याच्यासारख्या धनाढ्यांबरोबर ब्लेनची मेजवानी झाली, दुसऱ्या दिवशी 'वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्याचं मोठं व्यंगचित्र.

आता आकडे बघा. राज्यात साडेअकरा लाखांहून जास्त मतं पडली आणि डेमोक्रॅट उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड जिंकला फक्त हजार-अकराशेंनी. दारूबंदी पक्षाचा उमेदवार सेंट जॉन याला तिथे सुमारे २५ हजार मतं मिळाली, आणि दारूबंदीवाले बरेचसे मूळचे रिपब्लिकनच, त्यामुळे माझ्या मते खरा घाव इथे बसला. शिवाय पक्षातलेच सुधारणावादी 'मगवंप' क्लीव्हलंडकडे गेले. आणि न्यूयॉर्कचा रिपब्लिकन नेता रॉस्को कॉंकलिंग याला विसरू नका, १८६६ मध्ये ब्लेनने भर सभागृहात त्याच्या चालीला टर्की कोंबड्याची ऐट म्हटलं होतं, तो राग अठरा वर्षं टिकला. प्रचाराला या म्हटल्यावर हा वकील म्हणाला म्हणे की मी फौजदारी केसेस घेत नाही! त्याच्या ओनायडा काउंटीतही क्लीव्हलंडच पुढे राहिला. एवढ्याशा फरकात यातलं कुठलंही एक कारण पुरेसं होतं, मग बिचाऱ्या बर्चर्डलाच का धरायचं?

प्रश्न : पण एका राज्यावर अख्खा देश कसा काय फिरला?

उत्तर : कारण बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं त्याला तिथले सगळे इलेक्टर (म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी), मग फरक एका मताचा का असेना. न्यूयॉर्कचे तेव्हा ३६ होते. देशाचा निकाल लागला २१९ विरुद्ध १८२, ते ३६ ब्लेनकडे गेले असते तर तोच २१८ वर जाऊन जिंकला असता. याच नियमाने चार वर्षांनी क्लीव्हलंडलाही मारलं, १८८८ मध्ये देशभरात मतं त्याला जास्त मिळाली पण न्यूयॉर्क गेलं आणि बेंजामिन हॅरिसन अध्यक्ष झाला.