ध्रुवीय प्रदेशांत आर्थिक विकास आणि पर्यावरण रक्षण यांचा मेळ कसा घालता येईल?

आपण विचारले आहे की असा मेळ प्रत्यक्षात शक्य आहे का, आणि परीक्षेच्या उत्तरात तो कसा मांडावा. मी साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना भूगोल शिकवतो. या प्रश्नाची उत्तरे तपासताना एक चूक हमखास दिसते, ती म्हणजे दोन्ही ध्रुव एकाच दावणीला बांधणे. दक्षिणेला समुद्राने वेढलेला खंड आहे आणि तिथे मूळ वस्ती कधीच नव्हती. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे आणि आर्क्टिक प्रदेशात सुमारे 40 लाख माणसे राहतात. दक्षिणेत ‘हात लावू नका’ असे सरसकट म्हणता येते. उत्तरेत तसे म्हणणारे तुम्ही कोण, असे विचारणारी माणसे समोर उभी असतात.

दक्षिणेचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे. 1959 च्या अंटार्क्टिक कराराने प्रादेशिक दावे गोठवले, परंतु खनिजांचा विषय त्यात नव्हता. 1988 मध्ये वेलिंग्टन येथे खाणकामाला नियमांच्या चौकटीत परवानगी देणारा एक करार तयारही झाला. मग जानेवारी 1989 मध्ये ‘बाहिया पाराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ खडकावर आदळले आणि त्यातील डिझेल समुद्रात पसरले; त्याच वर्षी मार्चमध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ची तेलगळती झाली. ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी वेलिंग्टनच्या करारातून अंग काढून घेतले, आणि 1991 मध्ये माद्रिद येथे पर्यावरण रक्षणाचा जो जोडकरार स्वीकारला गेला त्याच्या सातव्या कलमाने वैज्ञानिक संशोधन वगळता खनिजांविषयीचा प्रत्येक उद्योग बंद केला. ही बंदी 2048 मध्ये आपोआप संपते, असे कित्येक नोट्समध्ये छापलेले असते, ते चूक आहे. 2048 नंतर फेरविचाराची परिषद मागता येते, इतकेच. बंदी उठवायची तर 1991 मध्ये करारात मताधिकार असलेल्या सर्व 26 देशांची, ज्यांत भारतही आहे, मान्यता लागते आणि खाणकामासाठी बंधनकारक कायदेशीर व्यवस्था आधी अस्तित्वात असावी लागते.

ही बंदी टिकली याचे श्रेय मी केवळ सद्बुद्धीला देत नाही. तेव्हा तिथे एकही खाण चालू नव्हती, कोणाचे भांडवल अडकलेले नव्हते, कोणाची नोकरी जाणार नव्हती. आर्क्टिक महासागराच्या मध्यभागी मासेमारी रोखणारा 2018 चा करारही याच कारणाने शक्य झाला, कारण तिथे व्यापारी मासेमारी सुरूच झालेली नव्हती. याउलट दक्षिण महासागरातील क्रिल पाहा. पेंग्विन, सील आणि देवमासे ज्यावर जगतात त्या या कोळंबीसारख्या जीवाचे तेल कॅप्सूलमध्ये भरले जाते आणि भुकटी मत्स्यशेतीत खाद्य म्हणून जाते. तिथे जहाजे आधीच उभी आहेत आणि निर्णय सर्वसंमतीने घ्यावा लागतो. त्यामुळे 2016 मध्ये रॉस समुद्राचे संरक्षित क्षेत्र मंजूर झाले खरे, पण द्वीपकल्पाजवळच्या क्षेत्राचा प्रस्ताव वर्षानुवर्षे रखडला आहे. क्रिल पकडण्याची 6,20,000 टनांची मर्यादा वेगवेगळ्या उपक्षेत्रांत विभागणारा नियमही 2024 मध्ये मुदत संपून गळून पडला.

पैसा आधी पोहोचला की नियम मागून धापा टाकत येतो, हे कळायला साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरवर कासला जावे. पठाराचे नाव झाले, गर्दी उसळली, आणि मग दिवसाला 3000 पर्यटकांची मर्यादा, शुल्क, ऑनलाइन नोंदणी हे सारे आले. त्याच भरात पठाराला जाळीचे कुंपणही घातले गेले. गुरांचे चरणे थांबले, फुलांचा बहर कमी होऊ लागल्याची तक्रार गावकऱ्यांनीच केली, आणि अखेर ते कुंपण काढावे लागले. आज सप्टेंबरात फाटकावर पास तपासून शिट्टी वाजवत माणसांना पायवाटेवर ठेवणारी मुले आणि बाया आसपासच्या गावांतल्याच आहेत. अंटार्क्टिकावरही एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त पर्यटक उतरवत नाहीत, आणि उतरण्यापूर्वी बुटांच्या खाचांतील बी-माती घासून, जंतुनाशकात बुडवून काढतात. मात्र तिथे शिट्टी वाजवायला गाव नाही. ते काम जहाजावरच्या मार्गदर्शकांनाच करावे लागते.

उत्तरेत गाव आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद ही कोळशाची वसाहत होती. 1962 च्या स्फोटात 21 कामगार दगावल्यावर खाण बंद झाली, आणि आज तिथे संशोधन केंद्रे आहेत, 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ही. पण प्रत्येक खाणीची प्रयोगशाळा होत नाही. ग्रीनलंडची निर्यात जवळपास सगळी मासळीची आहे. तरीही 2021 च्या निवडणुकीनंतर तिथल्या संसदेने युरेनियमच्या खाणकामावर कायद्याने बंदी आणली. हा निर्णय तिथल्या लोकांनी घेतला, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

नॉर्वेतील फोसेनचे उदाहरण आपल्या उत्तरात अवश्य घ्यावे. हा भाग आर्क्टिक वृत्ताच्या थोडा दक्षिणेला आहे, पण जमीन तिथल्या मूळच्या सामी लोकांच्या रेनडिअरच्या हिवाळी चराईची आहे. तिथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने अवैध ठरवले, तरी पाती फिरतच राहिली. माझे आजोळ चाळकेवाडीच्या पठाराकडचे आहे. मामाच्या कुसळाच्या रानात एका कंपनीची पवनचक्की आहे. जमिनीचे पैसे एकदाच मिळाले, आणि वाटेत खंदक पडल्याने म्हशींना ओढ्यावर न्यायला आता अर्ध्या तासाचा वळसा पडतो. वीज स्वच्छ आहे, याबद्दल मामांची तक्रार नाही. वाट कोणी आखली, एवढेच ते विचारतात. फोसेनच्या दक्षिणेकडील रेनडिअरपालकांच्या गटाला 2023 अखेरच्या तडजोडीत विजेचा वाटा, चराईसाठी नवी जमीन आणि परवान्याची सध्याची मुदत संपल्यावर मुदतवाढ नाकारण्याचा अधिकार मिळाला. मामांच्या करारपत्राची प्रत मी दोनदा वाचली आहे. त्यात असे कलम नाही.